दीपधारिणी आणि साधनाचा प्रश्न

दिवा हे साधन आणि मूर्ती हे साध्य, असे आपण सहसा गृहीत धरतो. दीपलक्ष्मी हा भेद पुसून टाकते. हातांत दीपपात्र घेऊन उभी असलेली ही धातूची स्त्री समईच्याच जातीची, म्हणजे उपकरण. परंतु तिला चेहरा आहे. मानवी आकृतीची अशी दिवठणी करण्यात माणसाला केवळ साधन मानण्याची वृत्ती दडलेली असते काय?

मध्ययुगीन युरोपातही आकृतिप्रधान दीपाधार घडवले जात. ग्लॉस्टरच्या मठासाठी बाराव्या शतकाच्या आरंभी घडवलेल्या आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या मेणबत्तीदानावर माणसे व विक्राळ पशू परस्परांत गुंतलेले दिसतात. त्यांची धडपड प्रकाशाच्या दिशेने चाललेली आहे. प्रकाश हे त्यांचेही ध्येय आहे. दीपलक्ष्मी धडपडत नाही, ती केवळ धारण करते. म्हणून तिच्या बाबतीत प्रश्न अधिक तीव्र होतो.

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरातील दीपलक्ष्मी येथे विचारात घ्यावी लागते. तिच्या पीठावरील लेख १८५३ सालचा आहे. तंजावरच्या मराठा राजकुळातील प्रतापसिंहाची प्राप्ती व्हावी म्हणून अम्मणीने लक्ष दिव्यांचा नवस केला आणि तो फेडताना त्यांतील एक दिवा म्हणून स्वतःचीच प्रतिमा अर्पण केली. येथे व्यक्तीने साधन होणे स्वतः पत्करले आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. कारण कांटच्या मते मनुष्याने स्वतःलाही केवळ साधन मानता कामा नये. कळीचा शब्द आहे तो ‘केवळ’. देवासाठी धरलेली ज्योत धारण करणारीचा चेहराही उजळते. साधन आणि व्यक्ती एकाच प्रकाशात दृग्गोचर होतात.

हा युक्तिवाद मात्र धन्याच्या सोयीचा आहे. सेवेतच सेवकाचे तेज असते, असे सांगणारा स्वतः क्वचितच दिवा धरून उभा असतो. अम्मणीच्या कृतीमागे तिची इच्छा होती आणि ती लेखात नोंदली गेली. असंख्य अनाम दीपधारिणींच्या मागे तशी कोणतीही नोंद नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची चर्चा केली आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील न पेटलेल्या दिव्यांसमोर दुसरी भूमिका सहज पटते: उपयोग सरला, रूप उरले. परंतु सेवेतून सुटका होणे म्हणजे प्रतिष्ठा लाभणे नव्हे. काचेमागची दीपधारिणी आता आपल्या आस्वादाचे साधन झालेली असते. म्हणून रूपाची चिकित्सा करताना, हा दिवा कोणाच्या इच्छेने हाती आला, हे विचारणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे ठरत नाही. तो प्रश्न टाळून केलेला आस्वाद दीपधारिणीला पुन्हा दिवठणीच करून टाकतो.