तपासनिसाची सही

दुसऱ्याने लिहिलेले वाचून त्याखाली ‘पाहिले’ अशी नोंद करणे हा व्यवहार आपल्या घराण्यांना नवा नाही. ज्यांच्या माळ्यावर मोडी दप्तरे पडून आहेत त्यांना ‘रुजू’ हा शेरा परिचित असेल. कागद ताडून पाहिला, एवढेच तो सांगतो. या शब्दाची आठवण आम्हांस अलीकडे झाली ती अगदी निराळ्या कारणाने.

आमचा एक भाचा हैदराबादेत संगणकाच्या नोकरीत आहे. फावल्या वेळात तो लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीसाठी इतरांनी लिहिलेले यूएसबीचे ड्रायव्हर तपासतो. बाहेरून जोडलेल्या उपकरणाशी संगणकाचे बोलणे घडवून आणणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तपासणाऱ्याचे समाधान झाले की ‘रिव्ह्यूड-बाय’ या शब्दांपुढे तो आपले नाव लिहितो, आणि बदल मुख्य संग्रहात गेला की ते नाव त्याच्याबरोबर कायमचे राहते.

हे तपासणे म्हणजे संशय घेण्याचे शास्त्रच आहे. उपकरण जोडताच ते आपली ओळख सांगते : मी अमुक, माझ्या माहितीची लांबी इतकी. ही लांबी खरी कशावरून? शून्य सांगितली तर वाचणारी आज्ञा एकाच जागी फिरत राहील. वाजवीपेक्षा मोठी सांगितली तर ड्रायव्हर परक्या स्मृतीत हात घालील. मुद्दाम घडवलेले उपकरण जोडून साधता येतील असे १४ दोष २०१७ साली गूगलच्या सिझकॉलर या साधनाच्या साहाय्याने लिनक्सच्या यूएसबी विभागात उघडकीस आले. थंडरबोल्टची गोष्ट आणखी अवघड. तेथे उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीपर्यंत पोहोचू शकते, म्हणून मध्ये पहारा बसवावा लागतो. आणि पहाऱ्यालाही फटी असतात, हे केंब्रिज व राइस विद्यापीठांतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. शिवाय माणूस वायर केव्हा उपटील याचा नेम नाही. यूएसबी ३ चा वेग आरंभीच सेकंदाला ५ गिगाबिट होता. अशा वेगात पुष्कळशी देवाणघेवाण एकाच वेळी वाटेत असते. उपकरण गेले म्हणून ड्रायव्हरने स्मृती परत केली, आणि वाटेतला निरोप मागाहून येऊन त्याच जागी लिहू लागला, तर काय?

भाच्याच्या हातून निसटले ते नेमके हेच. एका रात्री त्याने बदललेल्या ओळी बारकाईने वाचल्या. वायर निघाल्यावर चालणारा भाग मात्र ‘लिहिणारा जाणता आहे’ एवढ्या भरवशावर सोडून दिला आणि नाव लिहिले. काही महिन्यांनी दूरदेशच्या कोणा परीक्षकाला तो दोष सापडला. दुरुस्ती झाली. भाच्याला कोणी शब्दानेही बोलले नाही.

‘‘मामा, मी चुकलो की खोटे बोललो?’’ त्याने आम्हांस विचारले.

आम्ही प्रथम त्याचीच ढाल त्याच्या पुढे केली. लिनक्सच्या नियमांत त्या सहीचा अर्थ लिहून ठेवला आहे : हा बदल मी तपासला आहे, तो मला योग्य वाटतो, मात्र तो निर्दोष असल्याची हमी मी देत नाही. मग दोष कसला? पण विचार करता ही ढाल अपुरी वाटली. हमी नाही ती फळाची. पाहिले की नाही, याबाबत नियमाने कोणतीही सूट दिलेली नाही. पूर्ण पाहूनही दोष निसटला तर ती चूक. न पाहता ‘पाहिले’ म्हटले तर तिला दुसरे नाव आहे. दोष पुढे निघाला नसता तरी ते नाव बदलले नसते.

त्याचे म्हणणे असे की सगळेच कोणी पाहू शकत नाही, कुठेतरी लिहिणाऱ्यावर विश्वास टाकावाच लागतो. हे खरे आहे, आणि इथेच आम्ही घोटाळतो. उपकरणावर अविश्वास, माणसावर विश्वास, असा हा धंदा आहे. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी तपासणाऱ्यांची परीक्षा पाहण्यासाठी २०२० मध्ये मुद्दाम सदोष बदल पाठवले. २०२१ च्या एप्रिलमध्ये यूएसबी विभागाचे प्रमुख ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे बदल घेणे थांबवले, आणि पूर्वी स्वीकारलेले ४३५ बदल पुन्हा तपासावे लागले. बहुतेक ठीक निघाले. श्रम मात्र गेले. तो राग आम्हांस समजतो. पण अर्धे वाचून सही करणाराही पुढच्या माणसाच्या त्याच विश्वासावर उचल घेतो, फक्त प्रयोगाचे निमित्त न सांगता.

‘‘जेवढे वाचलेस तेवढेच लिहीत जा,’’ एवढे आम्ही सुचवले. त्यात कमीपणा वाटतो, हे त्याने कबूल केले. पुढच्या खेपेस मात्र त्याने तसेच लिहिले : वायर निघाल्यावरचा भाग तपासला, उरलेला नाही. लिहिणाऱ्याचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. आभार मानून त्याने विचारले होते, उरलेला भाग कोण पाहणार?

तो बदल अजून तसाच पडून आहे.