मतभेद आणि निष्ठा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही नावे सहज ओठांवर येतात. जॉन डिकिन्सनचे नाव क्वचितच कोणी घेतो. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही नाही. तथापि सामूहिक निर्णय आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी यांचा विचार करू लागलो म्हणजे मला त्याचेच चरित्र अधिक उद्बोधक वाटते.

डिकिन्सन भित्रा नव्हता, की राजभक्तीने आंधळाही झालेला नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटने १७६७ मध्ये काच, कागद, शिसे, रंग व चहा यांवर जकात बसविली, तेव्हा ‘पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याची पत्रे’ या नावाने बारा पत्रे लिहून त्यानेच वसाहतींना त्यांचे हक्क समजावून दिले. परंतु समेटाचे सर्व मार्ग खुंटल्याखेरीज संबंध तोडू नयेत, असे त्याचे मत होते. १७७५ च्या जुलैत काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जकडे पाठविलेला विनंतीअर्ज मुख्यतः त्याच्याच लेखणीतून उतरला. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही.

१ जुलै १७७६ रोजी डिकिन्सन स्वातंत्र्याच्या ठरावाविरुद्ध बोलला. वसाहतींची एकजूट आणि परराष्ट्रांचे साहाय्य आधी निश्चित करावे, घोषणा मागाहून, हे त्याचे म्हणणे होते. त्या दिवशी पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी चार विरुद्ध तीन मतांनी ठरावाच्या विरोधात होते. दुसऱ्या दिवशी तो आणि रॉबर्ट मॉरिस मतदानापासून दूर राहिले. तीन विरुद्ध दोन मतांनी पेनसिल्व्हेनियाचा कौल स्वातंत्र्याच्या बाजूने पडला. पुढे थोड्याच दिवसांत, ज्या घोषणेला त्याने विरोध केला तिच्या रक्षणासाठी तो आपली पलटण घेऊन न्यू जर्सीकडे निघाला.

ही पळवाट होती काय? मला तसे वाटत नाही. होकार दिला असता तर तो स्वतःशी खोटे बोलला असता. नकारावर अडून बसला असता तर ऐक्याला तडा गेला असता. बोलण्याच्या वेळी तो स्पष्ट बोलला आणि निर्णय झाल्यावर त्याचे ओझे त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतले. लोकप्रियता मात्र त्याने गमावली.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य इतरांनी घेतलेले निर्णय अमलात आणण्यात जाते. टिपणीत विरुद्ध मत नोंदवावे आणि हुकूम निघाल्यावर तो मनापासून पार पाडावा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. पण तिलाही मर्यादा आहे. डिकिन्सनचा वाद काळवेळेविषयी होता, न्यायाविषयी नव्हता. वसाहतींच्या हक्कांबाबत त्याचे दुमत नव्हतेच. म्हणून त्याला आपले मत मागे ठेवता आले. जेथे निर्णयच अन्यायाचा असेल, तेथे विरोध नोंदवून हात कामाला लावणे म्हणजे निष्ठा नव्हे. मतभेद उपायाविषयी आहे की मुळाविषयी, याची पारख आज्ञा पाळणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतःच करावी लागते. तो भार कोणत्याही वरिष्ठावर टाकता येत नाही.