नारळ

कॉलेजातली ११ वर्षांची चॅपलनगिरी आटोपून सोलापूरच्या एका चर्चात पाळक म्हणून निघालो, तेव्हा रीतसर शाल-श्रीफळ मिळालं. ‘नारळ देणे’चा दुसरा अर्थ ठाऊक असल्यानं मी तो जरा बिचकतच घेतला. ‘आता आमचं कसं होणार!’ असं तिघांनी कळवळून म्हटलं. मग तिघांनीही दोन-दोन बटाटेवडे खाल्ले.

योहानाच्या शुभवर्तमानात, १६व्या अध्यायात, आपलं जाणं शिष्यांच्या हिताचंच आहे, असं येशू सांगतो. यावर मी कितीदा तरी प्रवचन ठोकलंय. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा वाटायला लागलं, आपल्यावाचून यांचं थोडं तरी अडावं! आता याला माया म्हणायची की अहंकार?

रात्री होस्टेलातला एक मुलगा भेटायला आला. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं रोज माझ्यापाशी बसून रडायचा. मी रुमाल काढून तयारच ठेवला. तर म्हणाला, “सर, लवकर निघतो हं. नव्या पोरांतला एक जण फार रडतोय. त्याच्यापाशी बसायचंय.”

रुमाल मलाच लागला. मग घरात जाऊन नारळ फोडला. पाणी गोड निघालं.