कॉल

ताडोबात मोहर्ली गेटातून आत शिरलं की गाइडच्या डोळ्यांआधी कान कामाला लागतात. हात वर करून तो जिप्सी थांबवतो : "कॉल आहे." आत बांबूत कुठल्याशा चितळाला वाघ दिसलेला असतो, आणि ते ओरडलेलं असतं. आपल्या पुढ्यातल्या कळपाला काहीच दिसलेलं नसतं, तरी शेपट्या उभ्या राहतात, पाय आपटणं सुरू होतं, चरणं थांबतं. वाघाने या कळपाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. नुसती बातमी पोचली आहे.

पेशींचंही असंच असू शकतं, हे गळी उतरायला किरणोत्साराच्या शास्त्राला जवळपास शंभर वर्षं लागली. आधीचा सगळा हिशेब बंदुकीचा. 1927 मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तनं घडवली. 1946 मध्ये डग्लस ली यांच्या पुस्तकाने 'लक्ष्य सिद्धान्त' रुजवला : किरण ही गोळी, लागली तर इजा, हुकली तर पेशी शाबूत. विचार सोयीचा होता, कारण गोळ्या मोजता येतात. न बसणारी निरीक्षणं अपवाद म्हणून कोपऱ्यात पडून राहिली.

1992 मध्ये नागासावा आणि लिटल यांनी हॅम्स्टरच्या पेशींवर अल्फा कणांचा फार विरळ मारा केला. शंभरातल्या एकीच्याही केंद्रकातून कण गेला नसेल, इतका विरळ. आणि गुणसूत्रांतली अदलाबदल वाढलेली दिसली सुमारे तीस टक्के पेशींत! गोळी एकीलाही धड नाही, घायाळ तीस.

आपल्याकडे म्हणतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो वणवा पसरला की हे दिसतंच. पण इथे ती म्हण लागू पडत नाही. ओल्यापर्यंत आग आलीच नव्हती. 1997 मध्ये मदरसिल आणि सीमोर यांनी किरण दिलेल्या मानवी त्वचापेशींचं नुसतं पोषक द्रव किरण न लागलेल्या पेशींवर ओतलं, तरी त्यांची तग धरण्याची ताकद घटली. पुढे अझ्झाम आणि लिटल यांच्या गटाने दाखवलं की चिकटून असलेल्या पेशी आपापसांतल्या सूक्ष्म मार्गांतूनही निरोप पाठवतात. ते मार्ग बंद केले की परिणाम ओसरतो. मदरसिल यांनी तर किरण दिलेल्या ट्राउट माशांच्या पाण्यात किरण न लागलेले मासे सोडले, आणि त्यांच्यातही बदल सापडले. कॉल पाण्यातूनही जातो म्हणायचा!

इथल्या गावांतून तंबाखूच्या खर्ऱ्याने तोंड सडलेली माणसं नागपूरला 'शेक', म्हणजे किरणोपचार, घ्यायला जातात. हे वाचून त्यांनी घाबरू नये : त्या मोठ्या मात्रेत थेट मार्‍याचाच वाटा मोठा, आणि गाठ जाळायला तोच हवा. शिवाय निरोप ऐकून प्रत्येक पेशी बिघडतेच असं नाही; काही मरतात, काही दुरुस्तीला सज्ज होतात. खरी अडचण कमी मात्रेची, म्हणजे घरातल्या रेडॉन वायूसारखी. मात्रा निम्मी तर धोका निम्मा, ही सरळ रेष तिथे अजून वापरात आहे. माणसाच्या शरीरात या निरोपांना किती वजन द्यायचं, यावर मात्र एकमत नाही. मला विचाराल तर प्रश्न बदलला, हेच मोठं. आधी विचारायचे, लागलं कुणाला? आता विचारतात, कळलं कुणाला?

नुसता निरोप कळलेल्या पेशींच्या पुढच्या पिढ्यांतही कधी कधी जनुकीय अस्थिरता उतरते. ताडोबात त्या दिवशी कॉल थांबला, वाघ काही दिसला नाही. एकेक मान खाली गेली. एक मादी तेवढी कान वळवून उभी राहिली, आणि तिच्या पोटाशी काही न पाहिलेलं पाडसही.