लाल-हिरवी जर्सी

१७ डिसेंबर २०२२. मुंबईत झालेल्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सनं पुणेरी पलटणला ३३-२९ असं हरवलं आणि इकडे जयपूरमधल्या वैशाली नगरच्या एका गल्लीत गुलाबी जर्सी घातलेली पोरं नाचायला लागली. त्याच गल्लीतल्या साताऱ्याकडच्या कुटुंबातल्या मुलानं अंगातली पलटणची जर्सी काढून पलंगाखाली भिरकावली. ‘उद्यापासून आपण जयपूरचे,’ त्यानं आईला सांगून टाकलं. वर्गात सगळेच जयपूरचे. हरणाऱ्यांच्या बाजूनं एकट्यानं का उभं राहायचं?

रविवारी सकाळी सिडनीहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून ती रागावली नाही. म्हणाली, “आमच्याकडच्या साउथ सिडनी या रग्बी लीग क्लबचं सांगते, ऐक.”

रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ. सहाव्यांदा पकड झाली की चेंडू समोरच्याच्या हाती जातो. कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, तशीच ही टांगती तलवार. साउथ सिडनी हा १९०८ पासूनचा, कामगारवस्तीतला क्लब. १९७१ पर्यंत त्यानं वीस विजेतेपदं मिळवली आणि मग ओहोटी लागली. पुढे लीगला संघ कमी करायचे होते. १९९९ च्या हंगामानंतर साउथ सिडनीला बाहेर काढण्यात आलं.

“म्हणजे क्लब संपला?” मुलानं विचारलं.

“खेळायला सामनाच नव्हता, तरी लोकांनी लाल-हिरवी जर्सी उतरवली नाही. २००० मध्ये सुमारे ८० हजार माणसं सिडनीच्या रस्त्यावर उतरली. कोर्टात आधी हरले, मग अपिलात जिंकले आणि २००२ मध्ये लीगमध्ये परतले.”

“आणि लगेच जिंकले!”

“छे रे. पुढच्याच वर्षी तळाला. त्याच्या पुढच्या वर्षीही तळाला.”

मला या इतिहासात मोर्चाहून ही वर्षं मोठी वाटतात. अन्यायाविरुद्ध माणूस त्वेषानं उभा राहतो. न्याय मिळाल्यावर आपलाच संघ दर आठवड्याला मार खातो, तेव्हा तिकीट काढून जाणं फार कठीण.

आत्यानं शेवटी २०१४ चं सांगितलं. अंतिम सामन्याच्या पहिल्याच धडकेत साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तो मैदान सोडून गेला नाही. साउथ सिडनी ३०-६ नं जिंकला, त्रेचाळीस वर्षांनी.

मुलगा बराच वेळ गप्प होता. दुपारी त्यानं पलंगाखाली हात घातला आणि सोमवारी शाळेच्या दप्तरातून जर्सी नेली. मधल्या सुट्टीत ती अंगात घातल्यावर पोरांनी चिडवलं, ते त्यानं ऐकून घेतलं.

२८ फेब्रुवारी २०२४ ला हरयाणा स्टीलर्सनं उपांत्य सामन्यात जयपूरला ३१-२७ नं हरवलं. पलटण अंतिम फेरीत पोचली होती. समोरच्या घरातला मित्र पायरीवर बसून म्हणाला, आता आपणही पुण्याचेच. मुलाला आनंद व्हायला हवा होता. पण तो त्याच्याशेजारी बसला आणि साउथ सिडनीची गोष्ट सांगायला लागला.

१ मार्चला पलटणनं हरयाणाला २८-२५ नं नमवलं. मित्र तो सामना बघायला आला होता गुलाबी जर्सी घालून. त्यानं मनापासून टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, “पुढच्या लिलावात आमचे कोण कोण राहतील रे?”