न मोजलेला ऑक्टोबर

बर्फ मोजायला सरकारने पैसे का द्यायचे? प्रश्न अजिबात मूर्खपणाचा नाही. गावच्या शाळेचं छत गळत असताना अंटार्क्टिकात डिझेल पोचवायचं, तर हिशेब मागायलाच हवा.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे ओझोन. ब्रिटनने १९५६ साली अंटार्क्टिकात हॅली बे तळ उभारला आणि तिथे ओझोन मोजायला सुरुवात केली. कित्येक वर्षं त्या आकड्यांत खळबळजनक काही नव्हतं. मग ऑक्टोबरचे आकडे साधारण ३०० डॉबसन एककांवरून २००च्या आसपास घसरले. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी ते ‘नेचर’मध्ये मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि फ्रिज-स्प्रेमधला सीएफसी हद्दपार व्हायला लागला.

पण हे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘तिकिटं घ्या’ म्हणण्यासारखं झालं. ज्या नोंदींतून काहीच निघालं नाही, त्यांचं काय?

मी सर्व्हर सांभाळतो. लॉग साठवायला दर महिन्याला पैसे जातात आणि बहुतेक लॉग कुणी उघडतही नाही. तरी ते ठेवतो, कारण सिस्टिम कोसळल्यावर गेल्या आठवड्याचा लॉग विकत मिळत नाही. तसंच, १९८५ मध्ये कितीही पैसा ओतला असता तरी १९५७चा ऑक्टोबर मोजता आला नसता. ध्रुवावर आपण पैसे मोजतो ते यासाठी.

म्हणून कोरा चेक द्यावा असं नाही. १९८२च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचा निधी वाढला, तो काही ओझोनच्या प्रेमापोटी नव्हे. अंटार्क्टिक करारात निर्णयाचा हक्क हवा, तर भरीव संशोधन दाखवावं लागतं. भारताला तो १९८३ मध्ये मिळाला. गोव्यातल्या वास्कोहून ज्यांचा कारभार चालतो, त्या मैत्री आणि भारती तळांमागे विज्ञान आहे, तसा झेंडाही आहे. झेंड्याचा खर्च विज्ञानाच्या खात्यात टाकू नका आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवा, एवढं करदाता म्हणून मागता येतं.

छताचा प्रश्न तरीही उरतो. ‘शाळा पुढच्या वर्षी दुरुस्त करू’ हे त्या वर्गातल्या मुलीला कसं सांगणार? तिचं चौथीचं वर्षही परत येत नाही. माझ्या मते कसोटी हीच आहे: पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च करा. त्या यादीत शाळाही येते आणि बर्फही. कमानी आणि उद्घाटनं मात्र खुशाल पुढच्या वर्षी करा.