तेल आणि पाण्यामधली साय

विहिरीतून तेल येते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तेलाबरोबर खारे पाणीही येते आणि विहीर म्हातारी होत जाते तसतसे पाणीच वाढत जाते. ते मुकाट्याने तळाशी बसले असते तर प्रश्न नव्हता. पण बारीक थेंब होऊन ते तेलात अडकते आणि तपकिरी, दाट इमल्शन तयार होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांत असा माल खड्ड्यांत साठवत, पुष्कळदा जाळून टाकत. तेल नासले, अशीच समजूत होती. या शास्त्राची पुढची सगळी वाटचाल ही समजूत सुटण्याची आहे, असे मला वाटते.

पहिले उपाय जोर लावण्याचे होते. तेल तापवायचे, म्हणजे ते पातळ होते आणि थेंब लवकर खाली बसतात. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल आणि बकनर स्पीड यांनी उच्च दाबाच्या विजेने थेंब एकमेकांना जोडले. त्याचे पेटंट १९११ चे. सेंट लुइसच्या विल्यम बार्निकेलने मात्र १९१४ च्या पेटंटमध्ये हिराकशीचा मार्ग दाखवला आणि पुढे साबण वापरला.

साबण! हे वाचून मी प्रथम अडखळलो होतो. साबणाचे काम तर तेल पाण्याशी बांधून ठेवायचे. मग तो त्यांना सोडवणार कसा? उत्तर विल्डर बँक्रॉफ्ट यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या नियमात सापडते. मिसळवणारा पदार्थ ज्या द्रवात जास्त विरघळतो, तो द्रव सलग राहतो आणि दुसऱ्याचे थेंब होतात. कच्च्या तेलातले नैसर्गिक पदार्थ तेलाकडे ओढतात, साबण पाण्याकडे. ओढ तुल्यबळ झाली की कोणतीच बाजू टिकत नाही आणि थेंब एक होतात. काट्याने काटा काढावा तसे हे आहे. फक्त काटा बेताचा हवा: साबण जास्त पडला की पाण्यात तेलाचे थेंब तरंगू लागतात.

आता नजर तेलावरून आणि पाण्यावरून सरकून दोहोंच्या सीमेवर स्थिरावली. दुधावर साय धरते तशी प्रत्येक थेंबाभोवती अस्फाल्टिन, रेझिन, नॅफ्थेनिक आम्ले या तेलातल्याच पदार्थांची आणि मातीच्या कणांची साय धरलेली असते. दोन थेंब एकमेकांना टेकतात, पण ती मध्ये येते. म्हणजे तेल नासलेले नव्हतेच. अडचण होती ती या पातळ पापुद्र्याची. इमल्शन फोडणाऱ्या रसायनाचे, म्हणजे डिमल्सिफायरचे, रेणू सीमेवर जाऊन त्या सायीला बाजूला सारतात आणि स्वतः मात्र तितके घट्ट कवच धरत नाहीत. थेंबांमधला पडदा पातळ होतो, फाटतो. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे थेंबाचा व्यास दुप्पट झाला की तो चौपट वेगाने खाली जातो.

त्या रेणूच्या शोधात आपल्या ओळखीचे एरंडेलही होते. गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले एरंडेल सुती कापड लाल रंगवताना वापरत. तेच तेलक्षेत्रांतही आले. मेल्विन डी ग्रूट या रसायनतज्ज्ञाने याच कामात आयुष्य घालवले, त्याच्या नावावर नऊशेहून अधिक पेटंटे आहेत. पुढे इथिलीन ऑक्साइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइडचे लांब रेणू आले. एके काळी दहा लाख भाग तेलाला हजार भाग रसायन लागे, आता अनेक ठिकाणी शंभराहूनही कमी भाग पुरतात.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. इमल्शन बव्हंशी आपणच घडवतो. उफाळून वर येणारे तेल-पाणी अरुंद व्हॉल्व्हमधून आणि पंपातून जाताना घुसळले जाते, आणि नंतर त्याच घुसळणीचा उतारा विकत घ्यावा लागतो. म्हणून रसायन शक्य तितके आधी, सायीला जून होण्याची उसंत न देता, टाकणे हिताचे. पाणी राहून गेले तर त्यातले क्षार पुढे रिफायनरीत आम्ल बनून लोखंड खातात.

इतके कळूनही एका क्षेत्रातले रसायनांचे मिश्रण दुसऱ्या क्षेत्रात चालेल याची खात्री नसते. म्हणून आजही रसायन निवडताना ताजे तेल खुणा केलेल्या बाटल्यांत भरतात. प्रत्येकीत वेगळ्या रसायनाचा थेंब टाकतात, हलवतात, कोमट पाण्यात ठेवतात. मग थांबायचे आणि पाहायचे: तळाशी किती पाणी उतरले, ते स्वच्छ आहे की गढूळ, आणि तेल-पाण्याच्या मधोमध अजून न फुटलेल्या इमल्शनचा चिकट थर उरला आहे का.